मऊ प्लास्टिकच्या खेळण्यांतील थॅलेट: लहान मुलांच्या पालकांसाठी सविस्तर मार्गदर्शन

पीव्हीसी हे प्लास्टिक मुळात कडक आणि काहीसे ठिसूळ असते. नळाच्या पाइपांत आणि खिडक्यांच्या चौकटींत आपण ते जवळजवळ त्याच रूपात पाहतो. याच पीव्हीसीपासून दाबल्यावर चीं-चीं करणारे बदक, मऊ गालांची बाहुली किंवा फुगवायचा चेंडू तयार करायचा असेल, तर त्यात एखादे तेलकट द्रवरूप रसायन मिसळावे लागते. या रसायनांना प्लास्टिसायझर म्हणतात, आणि खेळण्यांच्या उद्योगात त्यांपैकी सर्वाधिक वापर थॅलेट या गटाचा झाला. मिसळण्याचे प्रमाण किरकोळ नसते. खेळणे जितके मऊ हवे तितके ते वाढते, आणि बऱ्याच मऊ खेळण्यांत वजनाच्या १० ते ४० टक्के भाग प्लास्टिसायझरचाच असू शकतो. ५० ग्रॅमच्या खेळण्यात ३० टक्के थॅलेट असेल, तर मुलाच्या हातात असलेल्या वस्तूतील १५ ग्रॅम हे असे रसायन आहे.

या लेखात घरातील खेळण्यांची छाननी, नवीन खरेदी, रोजचा वापर आणि खेळणे टाकून देण्याची पद्धत असा क्रम ठेवला आहे. सगळेच करणे शक्य नसेल, तर मूल तीन वर्षांचे होईपर्यंत त्याच्या तोंडात जाणाऱ्या वस्तूंतून मऊ पीव्हीसी काढून टाकावे. बाकीच्या सूचनांचे महत्त्व त्यानंतरचे आहे.

रसायन खेळण्याबाहेर येते कसे

थॅलेटचे रेणू पीव्हीसीच्या साखळ्यांमध्ये नुसते शिरून बसलेले असतात, त्यांच्याशी रासायनिक बंधाने जोडलेले नसतात. त्यामुळे वेळ, उष्णता, घर्षण आणि तेलाचा संपर्क यांमुळे ते हळूहळू पृष्ठभागाकडे सरकतात आणि बाहेर पडतात. शाळेच्या कंपासपेटीत खोडरबर आणि प्लास्टिकची पट्टी अनेक महिने एकमेकांना चिकटून राहिली, तर पट्टीवर खोडरबराच्या आकाराचा वितळल्यासारखा खड्डा पडलेला बहुतेकांनी पाहिला असेल. अशी अनेक खोडरबरे खऱ्या रबराची नसून मऊ पीव्हीसीची असतात. त्यांतील प्लास्टिसायझर पट्टीच्या प्लास्टिकमध्ये झिरपतो आणि तिला मऊ करून टाकतो. बाळ खेळणे चोखते आणि हिरड्यांखाली चावते तेव्हा पट्टीच्या जागी लाळ असते, आणि चावण्याचा दाब ही क्रिया अधिक वेगवान करतो.

खेळण्यातून सुटलेले थॅलेट घरातील धुळीतही मिसळते. रांगणाऱ्या मुलाचे हात दिवसभर जमिनीला लागतात आणि तेच हात तोंडात जातात. म्हणून त्याचा संपर्क त्याच घरातील मोठ्या माणसांपेक्षा जास्त असतो, शिवाय वजन कमी असल्यामुळे प्रत्येक किलोमागे पडणारी मात्राही जास्त भरते.

आरोग्याच्या धोक्याबद्दल काय माहीत आहे

थॅलेट गटातील सर्व रसायने सारखी घातक नाहीत. डीईएचपी, डीबीपी आणि बीबीपी या तिघांबद्दलचा पुरावा सर्वांत भक्कम आहे, आणि युरोपात त्यांची नोंद प्रजननसंस्थेला अपायकारक रसायने म्हणून केलेली आहे. गाभण उंदरांना ही रसायने दिल्यावर पोटातील नर पिल्लांमध्ये टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाची निर्मिती घटते आणि जननेंद्रियांच्या वाढीत दोष राहतात, हे प्रयोगांतून वारंवार दिसले आहे. अमेरिकेत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, गरोदरपणी ज्या मातांच्या लघवीत काही थॅलेटचे अवशेष अधिक आढळले होते, त्यांच्या मुलग्यांच्या जननेंद्रियांच्या मापांत फरक दिसला. स्वीडनमध्ये २००४ मध्ये घरातील धुळीतील थॅलेट आणि मुलांमधील दमा व ॲलर्जी यांचा संबंध आढळला.

माणसांवरील हे अभ्यास निरीक्षणात्मक आहेत. ते संबंध दाखवतात, परंतु विशिष्ट मुलाचा दमा विशिष्ट खेळण्यामुळे झाला असे त्यांवरून म्हणता येत नाही. या मर्यादेमुळे विषय सोडून द्यावा असे मात्र मला वाटत नाही. वाढीच्या वयात संप्रेरकांच्या कामात अडथळा आला तर त्याचा परिणाम अनेक वर्षांनी दिसू शकतो, आणि हा संपर्क टाळण्यासाठी पालकांना फारसे काही गमवावे लागत नाही.

युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१९ मध्ये डीईएचपी, डीबीपी, बीबीपी आणि डीआयएनपी या चार थॅलेटसाठी एकत्रित मर्यादा ठरवली: शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे रोज ५० मायक्रोग्रॅम. १० किलो वजनाच्या मुलासाठी ही मात्रा अर्धा मिलिग्रॅम होते. अन्न, धूळ, खेळणी आणि अंगाला लावायची उत्पादने अशा सर्व मार्गांनी येणारे थॅलेट मिळून ती मोजायची असते.

दिलासा देणारी गोष्ट अशी की थॅलेट शरीरात वर्षानुवर्षे साठत नाहीत. त्यांचे रूपांतर होऊन बहुतांश भाग एक-दोन दिवसांत लघवीवाटे निघून जातो. संपर्क थांबला की शरीरातील पातळी लवकर उतरते. त्यामुळे मुलाने आजवर असे खेळणे चोखले असेल तरी त्याच्यासाठी औषध, काढा किंवा शरीरशुद्धीचा उपाय लागत नाही. लघवीची तपासणीही घरगुती निर्णयासाठी उपयोगाची नाही, कारण ती फक्त मागच्या एक-दोन दिवसांचे चित्र दाखवते.

पहिली पायरी: घरातील खेळणी मुलाच्या वयानुसार वेगळी करा

घरातील सगळी खेळणी एका चादरीवर काढून त्यांचे तीन ढीग करावेत. पहिल्या ढिगात मूल प्रत्यक्ष तोंडात घालते अशा वस्तू असाव्यात: टीदर (दात येताना चावायची खेळणी), खुळखुळे, आंघोळीच्या वेळची बदके व मासे, बाहुल्यांचे हातपाय, मऊ प्लास्टिकचे प्राणी. दुसऱ्या ढिगात ज्यांवर मूल बसते, झोपते किंवा ज्या अंगाला लागतात अशा वस्तू येतील, उदाहरणार्थ फुगवायचे पोहण्याचे कडे, मऊ पीव्हीसीची चटई, मुखवटे. उरलेले सगळे तिसऱ्या ढिगात जाईल.

तीन वर्षांखालील मूल असलेल्या घरात पहिल्या ढिगाबाबत तडजोड करू नये. मोठ्या भावंडांची खेळणी ही इथली खरी अडचण असते. सहा वर्षांच्या ताईच्या बाहुलीचा पाय आठ महिन्यांच्या बाळाच्या तोंडात जातो, त्यामुळे खेळणे कोणासाठी घेतले होते यापेक्षा ते कोणाच्या हाताला लागते हे पाहावे. ताईची खेळणी झाकणाच्या पेटीत, उंचावर ठेवण्याची सवय लावता येते, आणि कारण समजावून सांगितले तर त्या वयाची मुले ते मनापासून पाळतात.

दुसरी पायरी: मऊ पीव्हीसी ओळखा

घरबसल्या थॅलेटची खात्रीशीर चाचणी करता येत नाही, ती प्रयोगशाळेतच होते. तरीही काही खुणांवरून संशयित वस्तू बाजूला काढता येतात. बाजारात ‘रबरी’ म्हणून विकली जाणारी, दाबल्यावर दबून परत आकार घेणारी, किंचित चिकट स्पर्शाची स्वस्त खेळणी बहुधा पीव्हीसीचीच असतात. हवा भरून फुगवायची, शिवण वितळवून जोडलेली खेळणी, तसेच मऊ चेहऱ्याच्या बाहुल्या याच गटात येतात. वस्तूवर त्रिकोणात ३ हा आकडा किंवा पीव्हीसी अशी अक्षरे असतील तर शंका उरत नाही. मात्र खेळण्यांवर ही खूण क्वचितच असते. कडक ठोकळे बहुधा एबीएस, पॉलिप्रोपिलीन यांसारख्या प्लास्टिकचे असतात, आणि त्यांना कडक राहण्यासाठी प्लास्टिसायझर लागत नाही.

जुने खेळणे चिकट झाले असेल, त्यावर तेलकट थर आला असेल, किंवा ते ज्या फळीवर ठेवले होते तिचा रंग मऊ पडून निघाला असेल, तर प्लास्टिसायझर बाहेर पडत असल्याची ती ठळक खूण आहे. असे खेळणे धुऊन परत देऊ नये, ते काढून टाकावे.

वासावर मात्र विसंबू नये. नव्या खेळण्याचा उग्र वास द्रावकांचा, शाईचा किंवा सुगंधी द्रव्याचा असू शकतो. मऊपणा देणारे मुख्य थॅलेट जवळजवळ गंधहीन असतात. वास नाही म्हणून खेळणे सुरक्षित ठरत नाही. प्लास्टिक ओळखण्यासाठी तुकडा जाळून पाहण्याचा सल्ला काही जण देतात, तो कदापि पाळू नये, कारण पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइडसारखा दाहक वायू बाहेर पडतो.

तिसरी पायरी: नवीन खेळणे घेताना काय पाहावे

युरोपीय संघाने तीन वर्षांखालील मुलांच्या तोंडात जाणाऱ्या खेळण्यांतील सहा थॅलेटवर डिसेंबर १९९९ मध्ये तात्पुरती बंदी घातली आणि २००५ च्या निर्देशाने ती कायम केली. अमेरिकेचा कायदा २००८ चा आहे. मर्यादा वजनाच्या ०.१ टक्क्याची. हा आकडा नीट समजून घ्यावा. ०.१ टक्का थॅलेटने पीव्हीसी मऊ होत नाही, त्यासाठी कितीतरी पट अधिक लागते. म्हणजे ही मर्यादा पाळायची तर उत्पादकाला ते थॅलेट प्लास्टिसायझर म्हणून वापरताच येत नाही. कच्च्या मालातून अनवधानाने आलेला अंश तेवढा चालतो. नियम पाळणारा उत्पादक मऊपणासाठी दुसरे रसायन तरी वापरतो किंवा प्लास्टिकच बदलतो.

भारतात हे उशिरा घडले. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने २०१० मध्ये खेळण्यांचे २४ नमुने तपासले, तेव्हा सर्वांत थॅलेट आढळले आणि जवळपास निम्म्यांत ते युरोपच्या मर्यादेहून अधिक होते. भारतीय गुणवत्ता परिषदेने २०१९ मध्ये आयात खेळण्यांचे १२१ नमुने तपासले, त्यांतील सुमारे ६७ टक्के चाचण्यांत नापास झाले. यांत थॅलेटखेरीज यांत्रिक दोष, जड धातू आणि ज्वलनशीलता यांच्याही चाचण्या होत्या. त्यानंतर केंद्र सरकारने खेळणी गुणवत्ता नियंत्रण आदेश, २०२० काढला आणि १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर, देशी असोत वा आयात केलेली, आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. खेळण्यांचे मानक आयएस ९८७३ हे आहे आणि त्याचा नववा भाग थॅलेटसाठीच आहे. विजेवर किंवा बॅटरीवर चालणाऱ्या खेळण्यांसाठी आयएस १५६४४ लागू होते.

दुकानात खोका हातात घेतल्यावर आयएसआय चिन्ह शोधावे. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली सीएम/एल या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असला पाहिजे. नुसते चिन्ह छापलेले असून परवाना क्रमांक नसेल तर ते ग्राह्य धरू नये. भारतीय मानक ब्युरोचे ‘बीआयएस केअर’ हे मोबाइल ॲप विनामूल्य आहे. त्यात हा क्रमांक टाकला की परवाना कोणाचा, कोणत्या मानकाचा आणि चालू आहे की नाही हे दिसते. खोक्यावरील उत्पादकाचे नाव आणि ॲपमधील नाव जुळते का, हे आवर्जून पाहावे, कारण दुसऱ्याचा क्रमांक छापणे अवघड नाही. झगमगीत दुकान ही हमी नाही: २०२२-२३ च्या हिवाळ्यात ब्युरोने महिनाभरात देशभर जी १८ हजारांहून अधिक विनाचिन्ह खेळणी जप्त केली, त्यांत मॉल आणि विमानतळांवरील दुकानांतली खेळणीही होती.

सुटी खेळणी ही वेगळी अडचण आहे. जत्रेत, लोकलच्या डब्यात, सिग्नलवर किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासच्या गल्ल्यांत मिळणाऱ्या अनेक मऊ खेळण्यांना खोकाच नसतो. विक्रेत्याकडेही माहिती नसते आणि त्याला दोष देण्यात अर्थ नाही. अशा ठिकाणी मुलासाठी काही घ्यावेसे वाटले, तर मऊ प्लास्टिक सोडून लाकडी भोवरा, कागदी भिंगरी किंवा मातीची चूल-बोळकी असे वयाला शोभेल ते घ्यावे.

इतर काही खुणांनी दिशाभूल होते. सीई हे युरोपचे चिन्ह बहुतेक खेळण्यांवर उत्पादक स्वतःच्या घोषणेने लावतो, आणि भारतात ते आयएसआयची जागा घेऊ शकत नाही. ‘बीपीए-मुक्त’ या शब्दांचा थॅलेटशी संबंध नाही. बीपीए हे कडक पारदर्शक पॉलिकार्बोनेटमध्ये आढळणारे निराळे रसायन आहे. ‘विषमुक्त’ असा नुसता शब्द कशाचीच खात्री देत नाही. ‘पीव्हीसी-मुक्त’ किंवा ‘थॅलेट-मुक्त’ असे स्पष्ट लिहिलेले असेल आणि सोबत वैध परवाना क्रमांक असेल, तर त्याला वजन द्यावे. थॅलेटऐवजी वापरले जाणारे डीआयएनसीएच किंवा सायट्रेट गटातील प्लास्टिसायझर आजच्या माहितीनुसार कमी घातक आहेत, पण तेही पीव्हीसीला बांधलेले नसतात. म्हणून तोंडात घालायच्या वस्तूसाठी मी पीव्हीसीच टाळण्याच्या मताची आहे.

चौथी पायरी: तोंडात जाणाऱ्या वस्तूंना पर्याय

दात येण्याच्या काळात मूल काही ना काही चावणारच, त्याला रोखून धरणे बरोबर नाही. अन्नासाठी वापरायच्या दर्जाच्या सिलिकोनचे किंवा नैसर्गिक रबराचे एकसंध टीदर चांगले. स्वच्छ सुती कापड ओले करून, थंड करून मोठ्यांच्या नजरेसमोर चघळायला देणे हा बिनखर्चाचा उपाय आहे. बारशाला मिळालेला चांदीचा खुळखुळा कपाटात पडून असेल तर तोही बाहेर काढता येईल, मात्र त्याचे घुंगरू आणि जोड घट्ट असल्याची खात्री करावी.

लाकडी खेळण्यांकडे वळणाऱ्या पालकांनी रंगाची चौकशी करावी. कर्नाटकातील चन्नपट्टणच्या कारागिरांची लाखेच्या थराची खेळणी प्रसिद्ध आहेत. आपल्याकडे सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांची परंपरा आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी केलेल्या कारागिरांनी बनवून विकलेल्या खेळण्यांना, तसेच भौगोलिक मानांकन मिळालेल्या खेळण्यांना आयएसआयच्या सक्तीतून सूट आहे, त्यामुळे त्यांवर चिन्ह नसणे हा गुन्हा नव्हे. अशा वेळी रंग कोणता, तो ओल्या कापडाने घासल्यावर उतरतो का, हे विचारून आणि पाहून घ्यावे. रंगात शिसे असेल तर थॅलेट टाळून काहीच साधत नाही.

घशात अडकेल असा लहान भाग, सैल डोळा किंवा सुटणारी बटण-बॅटरी यांचा धोका तत्काळ आणि जीवघेणा असतो. रसायनांचा विचार करताना या तपासणीला मागे टाकू नये.

पाचवी पायरी: रोजचा वापर आणि स्वच्छता

मऊ प्लास्टिकची जी खेळणी मोठ्या मुलांसाठी घरात राहतील, ती उन्हात, गच्चीवर किंवा बंद मोटारीत ठेवू नयेत. ती उकळत्या पाण्यात टाकू नयेत. उकळल्याने थॅलेट निघून खेळणे शुद्ध होत नाही, उलट ते पृष्ठभागावर येण्याचा वेग वाढतो. कोमट पाणी आणि साधा साबण पुरेसा आहे. आंघोळीच्या खेळण्यांत पाणी साचून आत काळी बुरशी धरते, तेवढ्या एका कारणानेही ती वेळोवेळी बदलावीत.

आपल्या घरांत बाळाला तेल लावून मालीश करण्याची पद्धत आहे आणि ती सोडायचे कारण नाही. पण थॅलेट तेलात सहज विरघळतात. तेल लावलेल्या बाळाला उघड्या अंगाने मऊ पीव्हीसीच्या शीटवर बराच वेळ ठेवणे किंवा तेलकट हातात मऊ प्लास्टिकचे खेळणे देणे टाळावे. कातडीतून होणारे शोषण तोंडावाटे होणाऱ्या शोषणापेक्षा कमी असते, तरी शीटवर जुन्या मऊ साडीची किंवा धोतराची जाड घडी अंथरली की हा प्रश्न उरत नाही.

केर काढताना धूळ उडवण्याऐवजी ओल्या फडक्याने फरशी पुसावी आणि जेवणाआधी मुलाचे हात धुवावेत. धुळीतील थॅलेटविरुद्ध या दोन सवयी सर्वांत उपयोगी आहेत, आणि शिशासारख्या इतर प्रदूषकांविरुद्धही त्या चालतात.

सहावी पायरी: खेळण्यांबाहेरचे स्रोत

अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने नेमलेल्या तज्ज्ञगटाने २०१४ च्या अहवालात नोंदवले की थॅलेटचा सर्वांत मोठा वाटा खेळण्यांतून येत नाही, तो अन्नातून येतो. अन्नप्रक्रियेतील नळ्या, हातमोजे आणि वेष्टने यांमधून ते, विशेषतः स्निग्ध पदार्थांत, उतरतात. म्हणून मुलाचे गरम किंवा तेलकट जेवण स्टीलच्या डब्यात द्यावे, प्लास्टिकच्या भांड्यात मायक्रोवेव्ह करू नये, आणि घरी शिजवलेल्या ताज्या अन्नाचा वाटा वाढवावा. गरोदर स्त्रीने ही काळजी आधीपासूनच घ्यावी, कारण प्रयोगांतील सर्वांत गंभीर परिणाम गर्भावस्थेतील संपर्काचे आहेत.

रुग्णालयातील सलाइनच्या पिशव्या आणि नळ्यांतही डीईएचपी असू शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००२ मध्ये नवजात मुलग्यांबाबत डॉक्टरांना तशी सूचना दिली होती आणि त्याच सूचनेत आवश्यक उपचार थांबवू नयेत असेही सांगितले होते. पालकांनी डॉक्टरांना पर्यायी साहित्याबद्दल विचारावे. बाळाचा उपचार नाकारू नये.

सातवी पायरी: टाकून देणे आणि तक्रार

बाजूला काढलेली मऊ खेळणी बंबात, चुलीत किंवा अंगणात जाळू नयेत. पीव्हीसीच्या धुरात डायॉक्सिनसारखी घातक रसायने तयार होतात. ती सुक्या कचऱ्यात द्यावीत. ही खेळणी घरकाम करणाऱ्या ताईंच्या मुलांना, बालवाडीला किंवा अनाथाश्रमाला देण्याचा मोह होतो. जी वस्तू आपण आपल्या बाळाच्या तोंडातून काढून घेतली, ती दुसऱ्याच्या बाळाच्या तोंडात जाऊ देऊ नये. देणगी द्यायचीच असेल तर कडक ठोकळे, पुस्तके, कापडी खेळणी द्यावीत.

बालवाडी किंवा पाळणाघर निवडताना तिथल्या खेळण्यांची टोपली पाहायला मागावी. संचालकांना दोष दाखवण्यापेक्षा मऊ पीव्हीसीच्या जागी घेता येतील अशा वस्तूंची छोटी यादी दिली, तर बदल लवकर होतो. चार-पाच पालकांनी मिळून ती खरेदी करून दिली तर आणखी बरे.

खोक्यावर आयएसआय चिन्ह नसलेले किंवा ॲपमध्ये न जुळणाऱ्या क्रमांकाचे खेळणे मिळाले, तर खोका, बिल आणि परवाना क्रमांकाचे छायाचित्र जपून ठेवावे. ‘बीआयएस केअर’ ॲपमधूनच तक्रार नोंदवता येते, किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करता येतो. ऑनलाइन घेतलेल्या खेळण्यासाठी विक्रीपानाचे छायाचित्रही सोबत जोडावे, कारण तक्रार झाल्यावर असे पान लगेच बदलले जाऊ शकते.